खालिद जमील इंडियाचा कोच व्हायच्या आत जमशेदपूरला मॅच बघून यावं का? (बजेट ७ हजार, दोघं)

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · २४ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. मी सांगली विश्रामबागचा, काम कुपवाड एमआयडीसीत. मधे नोकरीसाठी जमशेदपूरला होतो, तिथं कंपनीतल्या पोरांच्या नादानं जेआरडी टाटा कॉम्प्लेक्सला जमशेदपूर एफसीच्या फुटबॉल मॅच बघायची सवय लागली आणि परत आलो तरी ती टीम काय सुटली नाही. पुतण्या आठवीत आहे, शाळेच्या टीमचा गोलकीपर. त्याला कधीपासून शब्द दिलाय की एकदा तुला त्या स्टेडियमला नेतो.

आता अडचण अशी की काल इंडियाच्या कोचसाठी फुटबॉल फेडरेशनची शॉर्टलिस्ट आली. अर्ज १७० आले म्हणे, त्यातले तीन उरलेत: स्टीफन कॉन्स्टंटाईन, स्टेफान टार्कोविच आणि आमच्या टीमचे कोच खालिद जमील. खालिद सर गेले तर जमशेदपूरची ही टीम त्यांच्या हाताखाली बघायची राहून जाईल. ड्युरंड कप सुरू झालाय, आमच्या ग्रुपच्या मॅचेस जमशेदपूरलाच आहेत आणि ऑगस्टात शेवटची ग्रुप मॅच लडाखच्या टीमशी आहे. आयएसएलसाठी (इंडियन सुपर लीग) थांबावं म्हटलं तर तेच होल्डवर गेलंय, कधी सुरू होईल पत्ता नाही.

तर प्रश्न दोन. एक, ते खरंच जातील का? दोन, ड्युरंडला जाऊ का थांबू? बजेट ७ हजार, दोघांचं जाऊन येऊन सगळं धरून. राहायची सोय मित्राकडं आहे. कृपया बजेटमधलं सांगा.

पेठेतला_पेले · २४ जुलै, रात्री ९:५८

भावा जमशेदपूर कशाला? सांगलीतनं तास-दीड तासात कोल्हापूर, शाहू स्टेडियमला ये, पाटाकडील-खंडोबा मॅच बघ पुतण्याला घेऊन. आयएसएलला नसतो असला आवाज. आमच्या पेठेत पोरगं चालायच्या आधी बॉल मारतंय. अनिकेत जाधव २०१७ चा अंडर १७ वर्ल्ड कप खेळला तो इथलाच.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · २४ जुलै, रात्री १०:०५

शाहू स्टेडियमला आम्ही जातोच हो. आणि आत्ता पावसाळ्यात तिथं कुठली लीग?

पेठेतला_पेले · २४ जुलै, रात्री १०:०७

मग डिसेंबरात ये की.

बापू_कुपवाडकर · २४ जुलै, रात्री १०:३१

पुणे-रांची विमान बघा. रांचीवरनं जमशेदपूर टॅक्सीनं दोन-अडीच तास. पोराला घेऊन दीड दिवस रेल्वेत कशाला बसवताय. आणि रेल्वेच करायची असली तर थ्री एसी घ्या, स्लीपरचं नाव काढू नका.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · २४ जुलै, रात्री १०:३४

बापू, ७ हजार. दोघांचे. जाऊन येऊन.

बापू_कुपवाडकर · २४ जुलै, रात्री १०:३६

मग थ्री एसी.

गोवेकर_सध्या_सांगली · २४ जुलै, रात्री ११:१२

मूळ प्रश्नावर कोणीच बोलेना म्हणून बोलतो. जातील. शंभर टक्के. आम्ही एफसी गोवावाले यातनं गेलोय. गेल्या वर्षी जुलैत आमच्या मानोलो मार्केझना इंडियाचा कोच केला आणि वर गोव्याचं कामही सांभाळा म्हणाले. काय झालं? इंडियासाठी आठ मॅच, एक विजय, तोही मालदीवशी, त्यासाठी पण छेत्रीला रिटायरमेंटमधनं परत आणायला लागलं. शिलाँगला बांगलादेशशी शून्य-शून्य, मग हाँगकाँगला जाऊन १-० हरलो. आणि तोच माणूस गोव्याला सुपर कप देतो, फायनलमध्ये ३-० नं, कुणाला? तुमच्या जमशेदपूरला! म्हणजे कोच वाईट नव्हता, दोन नोकऱ्या एकत्र करणं वाईट होतं. दोन जुलैला फेडरेशननं आणि त्यांनी रामराम घेतला. त्यामुळं आता फेडरेशन डबल ड्युटीच्या वाटेला जाणार नाही, ज्याला घेतील त्याला क्लब सोडायला लावतील.

कराडचा_माद्रिदिस्ता · २४ जुलै, रात्री ११:२०

अर्धं पटलं. पण "जातील शंभर टक्के" असं कुणाबद्दल बोलू नये. २०२३ मध्ये ब्राझील फेडरेशनचा अध्यक्ष छातीठोक सांगत होता की रिअल माद्रिदचा कोच अँचेलोत्ती येणार, कोपा अमेरिकाच्या आत येणार, आम्ही माद्रिदवाले झोपेतनं दचकून उठायचो. डिसेंबरात अँचेलोत्तीनं माद्रिदचा करार २०२६ पर्यंत वाढवला, ब्राझील बसलं बोंबलत. मग आम्ही निर्धास्त झालो आणि या मे महिन्यात गेलेच की ब्राझीलला, करार एक वर्ष शिल्लक असताना. म्हणजे सगळे जाणार म्हणतात तेव्हा जात नाहीत आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना जातात.

गोवेकर_सध्या_सांगली · २४ जुलै, रात्री ११:२४

ध्यानीमनी नसताना काय, त्या सीझनला बार्सानं माद्रिदशी चारही क्लासिको मारले, सगळ्या जगाला माहीत होतं जाणार म्हणून.

कराडचा_माद्रिदिस्ता · २४ जुलै, रात्री ११:२५

विषय जमशेदपूरचा चाललाय.

तासगावचे_गुरुजी · २५ जुलै, सकाळी ६:१५

सुप्रभात. रात्री सगळं वाचलं. कोच क्लब सोडून देशाकडं जातो की नाही हे बघताना मी तीन गोष्टी बघतो. क्लबशी करार काय आणि क्लब आडवा येतो का, आत्ता क्लबमध्ये त्याच्यापुढं काय वाढून ठेवलंय, आणि फेडरेशनला दुसरा कोण परवडतोय. पहिलीचं उदाहरण म्हणजे स्पालेत्ती, २०२३ मध्ये नापोलीला लीग जिंकून देऊन वर्षभर विश्रांती घेतो म्हणाले आणि ऑगस्टात इटलीचे कोच, मग नापोलीचा मालक जवळपास ३० लाख युरो मागत बसला, तरी माणूस गेलाच. म्हणजे पैशाचं भांडण होतं पण सहसा त्यानं अडत नाही. दुसऱ्या मुद्द्यात जमशेदपूरची बाजू लंगडी आहे, कारण आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा फेडरेशनशी करार ८ डिसेंबरला संपतोय, तो वाढलेला नाही म्हणून ११ जुलैला त्यांनी सीझनच होल्डवर टाकला. लीगच नसेल तर क्लबचा कोच कशासाठी थांबेल? तिसरा मुद्दा तर उघड आहे, परदेशी माणसाला डॉलरमध्ये पगार द्यायचा तर खिसा पाहिजे. भारतीय कोच पूर्णवेळ म्हणून शेवटचा बसला तो साव्हियो मेदेरा, २०११-१२ ला. तेव्हा माझा कौल खालिद यांना. आणि अर्धवट कुणी सांगू नये की दोन काम एकत्र जमतच नाहीत, हिडिंक साहेबांनी पीएसव्ही क्लब सांभाळून ऑस्ट्रेलियाला २००६ चा वर्ल्ड कप खेळवला आणि फर्ग्युसन ॲबर्डीन क्लबला असतानाच १९८६ च्या वर्ल्ड कपला स्कॉटलंड घेऊन गेले होते. माणसावर आहे ते.

पुतण्याला जरूर न्या. पण शाळा बुडवून नको.

गोवेकर_सध्या_सांगली · २५ जुलै, सकाळी ८:०२

गुरुजी, हिडिंकची गोष्ट वेगळी, तिथं पीएसव्हीकडं पैसा, स्टाफ, सगळं होतं. आमच्याकडं नॅशनल कॅम्पला पोरं सोडायची म्हटलं की क्लब आणि फेडरेशनची तारखांवरनं खेचाखेची. हेच मी काल म्हटलं.

पेठेतला_पेले · २५ जुलै, सकाळी ८:३०

खालिदचा इतिहास बघा. ऐझॉलसारख्या टीमला २०१७ ची आय-लीग जिंकून दिली, जी टीम आदल्या वर्षी खाली गेलेली, आणि पुढच्या सीझनला कुठं? ईस्ट बंगाल. मग मोहन बागान. मग नॉर्थईस्ट. तो माणूस एका जागी बसत नाही. जाणार.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · २५ जुलै, सकाळी ८:४४

मुंबई एफसीला वर्षानुवर्षं होते ते विसरला का. आणि जमशेदपूरला सीझनच्या मध्यात आले तेव्हा टीमची काय दशा होती मी बघितलीय. या सीझनला पाचवे, प्ले-ऑफला शिलाँगला जाऊन नॉर्थईस्टला २-० मारलं, सेमीफायनलला मोहन बागानला घरी २-१. तिकडं कोलकात्याला हरलो ते सोडा. सलग दोनदा फेडरेशनचा बेस्ट कोच अवॉर्ड. तुम्ही सगळे जातील म्हणताय म्हणून जीव अजून खाली-वर व्हायला लागलाय. पण ड्युरंडला जाऊ का नको त्याचं कोणी सांगेना.

साताऱ्याचा_स्टॉपर · २५ जुलै, दुपारी १:१०

माझा अनुभव सांगतो. मी पोवई नाक्यावर दुकानात बसून एका साइटवरनं आवडत्या कोचच्या नावाची जर्सी मागवली, पाठीवर नाव छापून. जर्सी यायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात कोचची हकालपट्टी. त्यात नावाचं स्पेलिंग पण चुकलेलं, परत घ्यायला तयार नाहीत कारण म्हणे "कस्टम आयटम". आता ती घालून गाडी धुतो. तेव्हा कोचवर पैसे घालू नका. खेळाडूवर पण नको. पोराला चांगले कीपर ग्लोव्ह्ज घ्या, दोन अडीच हजारात येतात, लेटेक्स बघून घ्या, आणि वापरायच्या आधी थोडे ओले करायला सांगा, कोरडे वापरले की पापुद्रे निघतात.

बापू_कुपवाडकर · २५ जुलै, दुपारी १:३२

क्रिकेटचं किट घ्या त्यापेक्षा. रँकिंग १३३ आहे फुटबॉलचं, १३३!

साताऱ्याचा_स्टॉपर · २५ जुलै, दुपारी १:३३

बापू तुम्हाला या धाग्यावर कुणी बोलावलं?

मिरज_जंक्शन · २५ जुलै, संध्याकाळी ७:५०

प्रवासाचं मी सांगतो. जायचं असेल तर बजेटमध्ये बसतंय, विमान-बिमान विसरा. सांगलीतनं सकाळची कोयना पकडा, दुपारी पुणे. पुण्यातनं संध्याकाळी आझाद हिंद, ती थेट टाटानगरला थांबते, मधे कुठं बदलायचं नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसचा विचार करू नका, ती पुण्यात पोचेस्तोवर आझाद हिंद गेलेली असते. पुणे-टाटानगर स्लीपर माणशी हजाराच्या आत बसतं, म्हणजे दोघांचं जाऊन येऊन चार हजारांच्या आत, वर सांगली-पुणे किरकोळ, खाण्याला पैसे उरतात.

आता महत्त्वाचं. इतक्या उशिरा जनरल कोट्यात वेटिंगच मिळणार, तत्काळ करावं लागेल आणि १ जुलैपासून आधार जोडलेल्या अकाउंटलाच ऑनलाईन तत्काळ मिळतंय, १५ तारखेपासून ओटीपी पण आलाय. आधार आजच जोडून ठेवा, त्या दिवशी जोडायला बसाल तर गेलं. एसीचं तत्काळ १० ला उघडतं, स्लीपरचं ११ ला. तत्काळ कन्फर्म तिकीट कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत, हे डोक्यात ठेवून मगच करा. आणि मॅचच्या दिवशी सकाळी पोचायचा बेत करू नका, एक दिवस हाताशी ठेवा.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · २५ जुलै, रात्री ८:१५

याला म्हणतात उत्तर. मिरजकर तुम्हाला भडंग माझ्याकडनं.

कराडचा_माद्रिदिस्ता · २५ जुलै, रात्री १०:४०

थांबा थांबा, बातमी बघितली का? झावीनं इंडियासाठी अर्ज केलाय!! बार्साचा झावी! आता खालिद बिलिद विषय संपला.

साताऱ्याचा_स्टॉपर · २५ जुलै, रात्री १०:४८

पगार परवडणार नाही म्हणून नाव काढलं म्हणे. हसावं का रडावं.

तासगावचे_गुरुजी · २६ जुलै, सकाळी ६:२०

झावी? कळेना. ज्याला युरोपात क्लब मिळतो तो १३३ व्या नंबरला मेल करेल? जरा दम धरा.

गोवेकर_सध्या_सांगली · २६ जुलै, रात्री ९:०५

धरला दम. फेडरेशननंच आज सांगितलं, झावी आणि ग्वार्डिओला दोघांच्या नावानं मेल आले होते आणि ते खरे नाहीत. ग्वार्डिओला पण! कुणा पोरानं गंमत केली आणि देशभर चर्चा. कराडकर कुठं गेले?

विट्याची_वहिनी · २७ जुलै, दुपारी ३:२५

माझा मुलगा पण खेळतो म्हणून वाचत होते. भाऊजी, ऑगस्टात राखीपौर्णिमा ९ ला आहे. पोराच्या बहिणीचं काय? शाळेत घटक चाचणी असते त्याच दिवसांत. त्यातून कृष्णेचं पाणी कधी वाढेल सांगता येत नाही, आयर्विन पुलाला ४० फुटाला इशारा लागतो, २०१९ ला आमचे पाहुणे सांगलीत अडकले होते. कोच जावो नाहीतर राहो, मी तर म्हणेन दिवाळीच्या सुट्टीत न्या.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · २७ जुलै, दुपारी ३:५०

वहिनी दिवाळीत मॅच कुठाय तिथं, लीगच नाही. बहिणीचं बरोबर आहे तुमचं. चाचणी ४ तारखेला संपते, विचारलं.

मिरज_जंक्शन · २७ जुलै, संध्याकाळी ६:३०

आधार जोडलं का?

पेठेतला_पेले · २८ जुलै, सकाळी ९:१५

अजून एक सांगू? क्लबचा कोच देशाला गेला की क्लब बुडतो. सॅम अलार्डाइस संडरलँड सोडून इंग्लंडला गेला २०१६ ला, एक मॅच, ६७ दिवस, गेला घरी. आणि संडरलँड त्याच सीझनला प्रीमियर लीगमधनं खाली. दोघांचं वाटोळं. खालिदनं हे वाचायला पाहिजे.

तासगावचे_गुरुजी · २८ जुलै, सकाळी ९:४०

तसा नियम नाही. गेल्या वर्षी जुलैत होंग म्युंग-बो भर सीझनमध्ये उल्सान क्लब सोडून दक्षिण कोरियाचे कोच झाले. आधी नाही नाही म्हणत होते, चाहत्यांनी गद्दार म्हटलं. पण उल्साननं ती लीग जिंकलीच, सलग तिसऱ्यांदा. टीम नीट बांधलेली असेल तर चालते. अलार्डाइस गेले ते फुटबॉलमुळं नव्हे, वृत्तपत्राच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर नको ते बोलले म्हणून.

पेठेतला_पेले · २८ जुलै, सकाळी ९:४२

तेच की, देशाच्या नोकरीत सगळ्यांची नजर.

गोवेकर_सध्या_सांगली · २८ जुलै, सकाळी १०:११

मी मात्र म्हणतो खालिदनी जाऊ नये, हे त्यांच्या भल्यासाठी बोलतोय. आशिया कप क्वालिफायरला दोन मॅचमध्ये एक पॉइंट, ग्रुपमध्ये तळाला. ऑक्टोबरात सिंगापूरशी दोन मॅच, मग ढाक्याला बांगलादेशशी. हातात कॅम्पला वेळ नाही, लीग बंद म्हणजे पोरांना मॅच प्रॅक्टिस नाही. ऑगस्टच्या शेवटी ताजिकिस्तानला सीएएफए (मध्य आशियाई देशांचा) कप, तोच काय तो सराव. जिंकले तर फेडरेशनचं कौतुक, हरले तर म्हणतील भारतीय कोचला जमत नाही आणि परत पंधरा वर्षं परदेशी. कॉन्स्टंटाईनला घ्यावं, २०१९ च्या आशिया कपला थायलंडला ४-१ मारलेलं त्यांनीच.

साताऱ्याचा_स्टॉपर · २८ जुलै, सकाळी १०:३०

कॉन्स्टंटाईन तिसऱ्यांदा? एकच पिक्चर किती वेळा लावायचा.

गोवेकर_सध्या_सांगली · २८ जुलै, सकाळी १०:३३

९६ रँकिंग होतं त्यांच्या काळात. आता किती? बापू सांगा.

बापू_कुपवाडकर · २८ जुलै, सकाळी १०:५०

१३३.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · १ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

झालं. जाहीर. खालिद जमील इंडियाचे कोच. तेरा वर्षांनी भारतीय माणूस. अभिमान पण वाटतोय आणि पोटात गोळा पण आलाय.

पेठेतला_पेले · १ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५

मी म्हटलं होतं.

गोवेकर_सध्या_सांगली · १ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२८

पहिलं मी म्हटलं होतं, २४ तारखेला. वर बघा.

तासगावचे_गुरुजी · १ ऑगस्ट, रात्री ८:००

अभिनंदन खालिद सरांचं. आता लेफ्टबॅक, तुमचा प्रश्नच मिटला. ड्युरंडला नका जाऊ. ऑक्टोबरात सिंगापूरची आपल्याकडची मॅच आहे, ती बघायला न्या पोराला, त्या बेंचवर खालिद सरच असणार.

साताऱ्याचा_स्टॉपर · १ ऑगस्ट, रात्री ८:१०

गुरुजींना अनुमोदन. आणि ग्लोव्ह्ज घ्या.

विट्याची_वहिनी · १ ऑगस्ट, रात्री ८:४५

मी पण हेच म्हणत होते, थांबा म्हणून.

कराडचा_माद्रिदिस्ता · १ ऑगस्ट, रात्री ९:३०

सिंगापूरला जा. आणि झावीचं कुणी काढू नका.

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · ५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

मंडळी, सगळ्यांचे आभार, पण तत्काळ काढलं. उद्याची आझाद हिंद, दोन स्लीपर, दोन्ही लोअर मिळाले (मिरजकर, आधार जोडलेलं होतं म्हणून झालं, नाहीतर सव्वाअकराला सगळं संपलेलं). पुतण्याला विचारलं, अरे खालिद सर तर आता इंडियाचे झाले, सिंगापूरला जायचं का मग? तर म्हणतो, काका मला गोलकीपरचा वॉर्मअप जवळनं बघायचाय, कोच कोच ते तुमचं. बरोबर आहे त्याचं. जेआरडीला मी बसायचो तिथनं कीपर कोच बॉल कसा टप्पा पाडून मारतो आणि कीपर पडल्यापडल्या परत कसा उठतो ते जाळीच्या मागनं स्पष्ट दिसतं, टीव्हीवर ते दाखवतच नाहीत, तेवढ्यात जाहिराती असतात.

राखी आज रात्रीच बांधून घेतोय वहिनी. मिरजकर, भडंग स्टेशनवर देऊ का घरी?

मिरज_जंक्शन · ५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

घरी. दोघांचं ओळखपत्र बरोबर ठेवा, पोराचं शाळेचं चालतं. परतीचं काढलं का?

कृष्णाकाठचा_लेफ्टबॅक · ५ ऑगस्ट, दुपारी १२:३३

नाही अजून.

मिरज_जंक्शन · ५ ऑगस्ट, दुपारी १२:३४

तिथनं निघायच्या आदल्या दिवशी अकराला मोबाईल हातात धरून बसा. मॅच जिंकली म्हणून गाफील राहू नका.

बापू_कुपवाडकर · ५ ऑगस्ट, दुपारी १:०५

परतीचं तरी थ्री एसी काढा.